एका खोडाची वाटणी

श्रीगणेशाय नमः।

मी, धनंजय रघुनाथ केळुसकर, राहणार वादी अदाई, मस्कत, बुद्धी स्थिर व स्मरण शाबूत असताना (गुडघ्यांची हमी देत नाही), कोणाच्याही दडपणाविना माझ्या पश्चातची व्यवस्था लिहून ठेवतो.

१. वेंगुर्ल्याचे घर व बँकेतील शिल्लक चिरंजीव कौशिक आणि कन्या सौ. पूर्वा यांस समसमान. याबद्दल दोघांचा वाद नाही, हे नवल येथे नोंदवितो.

२. संस्कृत पोथ्या नात प्रियांका हिस. तिचे मराठी अडखळते. पोथ्यांवरील धूळ तरी ती अस्खलित झटकील.

३. मेहुणे ओमप्रकाश यांस बूटपॉलिशची डबी व ब्रश. एका दिवाळीत "भावोजी, बघा कशी चकाकते!" म्हणत त्यांनी माझ्या मकोंडे मूर्तीस पॉलिश फासले. त्या काळ्याभोर लाकडास मुळातच तेज होते. त्यांच्या बुटांस नाही.

४. आता ती मूर्ती. टांझानियाहून आलेल्या रशीदी नामक मकोंडे जमातीच्या कारागिराने आमच्या इमारतीच्या अंगणात बसून ती एकाच खोडातून कोरली. तळाशी म्हातारा, त्याच्या खांद्यांवर लेकरे, त्यांच्यावर नातवंडे. सारी एकमेकांस धरून. "बाबा, इसमें जोड नहीं, गोंद नहीं. ये उजामा," तो म्हणे. उजामा म्हणजे कुटुंब. मी तो शब्द 'ऊर्जे'शी जोडून प्रदीर्घ निरूपण केले. शेजारी गुलजारभाई, मूळचे रत्नागिरीचे, हसत म्हणाले, "पंडितजी, कशाला एवढे लांब जाता? मूळ अरबी आहे. तुम्ही रोज बोलता तेच, 'जमा'!"

माझी पत्नी कै. शीला हिच्या वर्षश्राद्धात खिरीत गूळ की साखर, यावरून कौशिक व पूर्वा यांचा अबोला सुरू झाला, तो आजतागायत. मूर्ती मात्र दोघांनाही हवी. ओमानमधल्याच सोहारहून कौशिकचा फोन: "बाबा, मधोमध कापू. वरचं मला, खालचं तिला." पूर्वा म्हणाली, "चालेल. खालच्या म्हाताऱ्याला सांभाळायची सवय मलाच आहे."

सबब, मूर्तीस करवत लावू नये. ती दोघांची. दर गणेशचतुर्थीस तिने घर बदलावे, व ती दोघांनी स्वतः जमा होऊन उचलावी. ड्रायव्हर व कुरियर वर्ज्य. एकट्यास ती पेलत नाही. जिना उतरताना एकास "जरा थांब" म्हणावेच लागेल; दुसरा "नीट धर ना!" म्हणून खेकसेल. तेवढ्याने अबोला सुटला असे मी मानीन. पुढे भांडण वाढल्यास मूर्ती आधी खाली ठेवावी.

हे मी वाचून, उमजून, किंचित हसून सही केली.

धनंजय रघुनाथ केळुसकर

साक्षीदार:
गुलजार मुकादम
वजीरा गुलजार मुकादम

मस्कत, मार्गशीर्ष शुद्ध एकादशी, शके १९४७
(१ डिसेंबर २०२५)