इंजिनाला थंडी वाजल्याने झालेला डुकराचा दंड माफ होण्याबाबत

प्रति,
मा. ग्रामप्रमुख,
मु. सालेमोआना, सवाई बेट, सामोआ.

विषय: टॅक्सीच्या धुराबद्दल झालेला एका डुकराचा दंड माफ होणेबाबत.
संदर्भ: गावपंचांचा सोमवारचा तोंडी आदेश.

महोदय,

मी, फुआतिनो मासोए, टॅक्सीचालक, अर्ज सादर करते की,

१. सायंप्रार्थनेचा शंख वाजताच प्रत्येकाने जागीच थांबावे, हा गावाचा नियम मला मान्य आहे. बंदरावरून परतताना माझी टॅक्सी लागोपाठ तीन संध्याकाळी शंखाच्या वेळी आपल्या घरासमोरील गतिरोधकावर बंद पडली. दंड मात्र थांबल्याबद्दल नसून, ती पुन्हा चालू करताना निघालेला काळा धूर आपल्या घरात शिरला व आपणांस ऐन ‘आमेन’ला ठसका लागला, याबद्दल असल्याचे समजते.

२. पहारेकरी सेमू म्हणाले, “ताई, गाडी तुमच्यापेक्षा भाविक दिसते.” माझे दीर लाफाएले यांचे गॅरेज आहे. त्यांनी प्लग बदलले, फिल्टर बदलला आणि शेवटी “वहिनी, गाडी ठणठणीत आहे, चालवणारीला तपासा,” असा निर्वाळा दिला.

३. सबब त्यांचेच तपासणी यंत्र मी स्वतः जोडले. पहाटे, गार इंजिनात, पाण्याचे तापमान सत्तावीस अंश, तर आत येणाऱ्या हवेचे उणे चाळीस दिसले. एवढी थंडी आपल्या बेटावर कोणाच्याही स्मरणात नाही. हवेचे तापमान सांगणारा सेन्सर बिघडल्याने आपण बर्फात उभे आहोत, अशी इंजिनाची पक्की समजूत झाली होती. त्यामुळे ते नको इतके पेट्रोल पिऊन धूर ओकत होते आणि वेग कमी होताच गुदमरत होते.

४. खात्रीसाठी सेन्सर काढून विजेचा रोध मोजणाऱ्या मीटरला जोडला व पाद्रीबाईंच्या केस वाळवण्याच्या यंत्राने त्यावर गरम वारा सोडला. मीटर ढिम्म हलला नाही. हे आपल्या सौभाग्यवतींनी पाहिले व “फुआतिनो गाडीचे केस वाळवते आहे,” असे चर्चमध्ये सांगितले. त्याबद्दल तक्रार नाही. परंतु त्यानंतर माझ्या गाडीत बसायला कोणी धजावत नाही, याची नोंद व्हावी.

५. नवा सेन्सर बसवल्यापासून धूर नाही व गाडी कुठेही बंद पडत नाही. याच कारणाने काल शंख वाजत असताना ती आपल्या घरासमोरून सरळ पुढे गेली. ती आपोआप थांबेल या सवयीने ब्रेक दाबायचे माझ्याकडून राहून गेले. हा नवा दंड मला मान्य असून त्याचे डुक्कर आज सकाळी आपल्या अंगणात बांधले आहे.

तरी पहिले डुक्कर माफ व्हावे. घरी आता एकच उरले आहे आणि लेकीचे लग्न तोंडावर आले आहे.

आपली नम्र,
फुआतिनो मासोए
दि. ९ ऑगस्ट

सोबत: जुना सेन्सर, एक. डुक्कर, एक (दोर उसना आहे, परत मिळावा).