खो द्यायचा की घालायचा

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज लिहायला बसले आहे ते एका मुलीला मैदानात कुठे उभं करायचं या प्रश्नावरून. प्रश्न खरं तर गेल्या शनिवारीच सुटला. पण तो कसा सुटला हे समजेल असं माणूस मला इथे सापडत नाही. नवऱ्याला खो-खोतलं ओ की ठो कळत नाही. तुम्हाला मात्र अर्ध्या वाक्यात कळेल आणि उरलेल्या अर्ध्यात तुम्ही मला झापाल, हेही माहीत आहे. तरी लिहिते.

मी अमेरिकेत असते, ओहायो राज्यातल्या डब्लिन नावाच्या गावात. एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढते. हे काम मला कसं जमतं असं तुम्ही नक्की विचाराल, कारण मिरजेच्या शाळेत तुमच्या हाताखाली खो-खो खेळताना मला माझी एकही चूक कधी दिसली नव्हती. दोन वर्षांपूर्वी माझ्याच मजल्यावर बसणाऱ्या एका ऑस्ट्रेलियन बाईने ऑफिसच्या कँटीनमध्ये कागद चिकटवला : बायकांचा ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा संघ काढतेय, कुणीही या. मी फक्त चौकशीला म्हणून गेले आणि त्या दिवशी दोन्ही गुडघे फोडून घेऊन घरी आले. वीस वर्षांनी गुडघे फुटले होते. इतका आनंद झाला की मी आंघोळीआधी आरशासमोर उभी राहून ते बघितले. तुम्ही जुन्या लुगड्याच्या घड्या घालून मला गुडघ्यांना बांधायला पट्टे शिवून दिले होते, ते आठवले. अडतीसाव्या वर्षी असे पट्टे कोण शिवून देणार? मी दुकानातून विकत आणले, पण ते घसरतात.

खेळ असा, की मैदान लंबगोल, चेंडू लंबगोल, आणि पहिले सहा महिने मला नियमही लंबगोलच वाटत. चेंडू पायाने मारायचा किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसा देऊन सोबतिणीकडे पाठवायचा. फेकायचा नाही. घेऊन पळता येतं, पण मधूनमधून टप्पा टाकावा लागतो, आणि समोरचीने तुम्हाला धरलं तर चेंडू लगेच सोडावा लागतो, नाहीतर तो त्यांचा. खरा संघ अठरा जणींचा. आमच्याकडे एवढ्या बायका कुठून येणार, म्हणून आम्ही नऊ-नऊ जणी खेळतो. नऊ म्हटल्यावर मी लगेच हो म्हटलं, बाई. आठ बसलेल्या आणि एक पळणारी, एवढंच माझ्या डोक्यात होतं. इथे तीन मागे, तीन मध्ये, तीन पुढे. मधल्या तिघींत एक उंच मुलगी, ती उडालेला चेंडू खाली थापटते, आणि तो उचलून पळायचं काम माझं. दोन वर्षं ती जागा माझी होती. मैदानाचा मधोमध! तुम्हाला ठाऊकच आहे मला मधोमध किती आवडतं ते.

यंदा उन्हाळ्यात नवी मुलगी आली. तिचे आईवडील सांगलीकडचे, तिच्या जन्माआधीपासून इथे. आमच्या गणपतीत भेटतात. मुलगी इथल्याच युनिव्हर्सिटीत शिकते, शाळेत सॉकर खेळलेली. मराठी सगळं समजतं, बोलते इंग्रजीत, फक्त मला 'काकू' म्हणते. आता भर मैदानात, चिखलात लोळताना काकू म्हणवून घेणं म्हणजे काय ते सांगून कळणार नाही. दोन आठवड्यांत सगळा संघ मला काकू म्हणायला लागला. त्यांना वाटलं हे माझं खेळातलं टोपणनाव आहे. संघ काढणारी ती ऑस्ट्रेलियन बाई, म्हणजे आमची कोच, तर 'कॅकू माइट' म्हणते, तिच्या तोंडी 'मेट'चं 'माइट' होतं. रागावणार कुणावर?

पण पळते काय ती, बाई! पहिल्या दिवशी मी तिला चेंडू दिला आणि सवयीने तोंडातून निघालं, "खो!" पोरगी सुसाट सुटली. दोघींच्या मधून, तिसरीला वळसा घालून. मी मागून धावतेय, ओरडतेय, "खो दे, अगं खो दे!" तिने काही दिला नाही. शेवटी तिघी तिच्या अंगावर पडल्या आणि चेंडू गेला. मी जवळ गेले तर ढिगाखालून म्हणते, "बट काकू, यू सेड गो!" मी तिथेच गवतावर बसून हसले. मग तिला समजावलं, की गो नाही, खो. पळणारीने बसलेलीला पाठीमागून हात लावायचा, खो म्हणायचं आणि तिच्या जागी आपण बसायचं. मग ती पळणार. पोरीने नाक मुरडलं. "वेट, द वन हू सेज इट हॅज टू सिट? देन हू वुड एव्हर से इट?"

याचं उत्तर तुमच्याकडे होतं, बाई. रविवारी सकाळी मी तुमच्या स्वयंपाकघरात चुलीशेजारी बसलेली असायची. तुम्ही भाकरी थापता थापता पिठाच्या हाताने फरशीवर आठ चिंचोके ओळीत मांडता, दोन टोकांना खांब म्हणून मिठाची आणि तिखटाची वाटी. नववा चिंचोका मी. तो तुम्ही बोटाने सरकवत नेता आणि मध्येच थांबता. "आता काय करशील?" मी म्हणते, पुढे पळेन. "आणि मग?" अजून पुढे पळेन. तुम्ही तव्यावरची भाकरी उलटता आणि म्हणता, "भवाने, पुढे तिखटाची वाटी आहे. तुला मागे वळता येत नाही. मधनं घुसता येत नाही. तिसऱ्या चौकोनातली मुलगी तिकडेच तोंड करून बसलीये, ती काय मैदानाची शोभा म्हणून? खो द्यायचा असतो गं. तू घालतेस. आपल्याच संघाच्या कामात खो घालतेस." मला शब्दांची ती गंमत तेव्हा कळली आणि मी खूप हसले. बाकीचं सगळं मी कानाआड केलं.

तर कोचने मागच्या आठवड्यात मला विचारलं, की हिला कुठे खेळवू, मधल्या फळीचं तू बघतेस, शनिवारपर्यंत सांग. मी घरी आले, जेवणाच्या टेबलावर राजमा मांडला. आठ राजमे आणि नव्या मुलीसाठी चवळीचा एक दाणा. चवळी पुढच्या फळीत ठेवून बघितली. पुढे उंचावरून चेंडू येतो, तो उडी मारून झेलावा लागतो. ही सॉकरवाली, चेंडू खाली पडायची वाट बघत उभी राहते. मागच्या फळीत ठेवली. मागे आपापल्या प्रतिस्पर्ध्याला चिकटून राहावं लागतं, आणि हिला चेंडू दिसला की हिचं भान सुटतं. उंच मुलीच्या बाजूला ठेवली, काढली, परत पुढे ठेवली. नवरा दाराशी उभा राहून चहा पीत बघत होता. तो नागपूरचा आहे, त्याला कशाचंही टेन्शन नसतं.

"अगं यार, एक राजमा तू हलवतच नाहीयेस," तो म्हणाला.

"कुठला?"

"हा मधला. फेविकॉल लावलाय का त्याला?"

मी सगळा राजमा गोळा करून भिजत घातला. चवळीच्या त्या दाण्यासकट. कोचला फोन करून सांगितलं की मुलगी चांगली आहे, पण अजून रेडी नाहीये, पुढच्या फळीत ट्राय करू. तपासनीस म्हणून मी इतका खोटा रिपोर्ट आयुष्यात दिला नसेल. मला उत्तर माहीत होतं, बाई. प्रत्येक गोलनंतर चेंडू परत मधोमध येतो, तिथल्या गर्दीतून जी पहिली बाहेर पळते तिचा खेळ. माझे हात चांगले आहेत, पण पाय आता ऐकत नाहीत. तिचे हात कच्चे आहेत, पण तसे पाय अख्ख्या संघात कुणाला नाहीत. हे एखाद्या लहान मुलालाही दिसलं असतं. माझी जागा जाईल ही मला भीती वाटत होती, सरळ सांगते. घरी-दारी मी कामाचीच असते. मनासारखी असते ती फक्त तिथे.

शनिवारी आम्ही गाड्या काढून सिनसिनाटीजवळच्या एका पार्कात खेळायला गेलो. पोरगी पुढच्या फळीत, लग्नात ओळखीचं कुणी नसल्यासारखी उभी. मी मध्ये धापा टाकतेय. चारपैकी तिसऱ्या डावात मला चेंडू मिळाला आणि तिला राहवेना, ती जागा सोडून माझ्या उजव्या हाताला आली. मोकळी होती. "काकू! काकू! हिअर!" मी पुढे पळाले. दहा पावलांत त्यांच्या दोघींनी मला आडवं केलं आणि चेंडू नेऊन गोल केला. डाव संपल्यावर कोचने जवळ येऊन विचारलं, ती ओरडत होती, ऐकू नाही आलं का तुला? मी म्हटलं, नाही, फार आवाज होता. बाई, बघायला एकूण अकरा माणसं होती आणि एक कुत्रं. कुत्रंही झोपलेलं. कोच फक्त "राइट" म्हणाली. अगदी तुम्ही तेव्हा "बरं" म्हणाला होतात तसं.

शेवटच्या डावाला कोचने पोरीला बाहेर काढलं. पुढे तिचा काही उपयोग होत नव्हता, आणि तिला पुढे ठेवायला मीच सांगितलं होतं. आम्ही आठ पॉइंटांनी मागे, आणि एका गोलचे सहा पॉइंट. मी मध्ये उभी राहून श्वास घ्यायचा प्रयत्न करतेय आणि सहज रेषेकडे बघितलं. ती बाकावर बसलीच नव्हती. रेषेपाशी गवतात उकिडवी, एक पाय पुढे रोवलेला, दोन्ही हातांची बोटं जमिनीला टेकलेली, मान वर. हे तिला कुणी शिकवलं? मी तर फक्त तोंडी सांगितलं होतं. तुम्ही आम्हाला तसं बसायला शिकवण्यात अख्खा पावसाळा घालवला होतात, "बसता आलं तरच उठता येतं" म्हणत, आणि ही आपसूक तशी बसली होती. तिच्याकडे बघून मला एकदम इतकं बरं वाटलं, की काय सांगू. जागा जातेय याचं दुःख व्हायचं राहूनच गेलं.

इथे खेळाडू कितीही वेळा बदलता येतात. एक रेषेबाहेर आली की दुसरी आत. मी कुणाला न विचारता मैदान सोडलं, रेषा ओलांडली, वळसा घालून तिच्या मागे गेले आणि पाठीवर सणसणीत थाप मारून ओरडले, "खो!" तिने काय ऐकलं देव जाणे. खो ऐकलं की गो ऐकलं, ती गेली. आणि मी तिच्या जागी गवतात बसले. उकिडवी बसायला गेले, गुडघे कटकन वाजले, मग सरळ मांडी घातली.

बसल्यावर सगळं मैदान दिसतं, हे तुम्ही म्हणायचात ना? दिसलं. उंच मुलीने चेंडू थापटला, पोरीने उचलला, गर्दीतून अशी निसटली की माझ्या शेजारी फोटो काढायला आलेला नवरा कॅमेरा विसरून "अरे यार! अरे यार!" करत नाचत होता. टप्पा टाकला. दोघी अंगावर आल्या. मी डोळे मिटायच्या बेतात होते, आणि तिने मुठीने चेंडू बाजूला ठोसला, मागून येणाऱ्या उंच मुलीच्या हातात, आणि गळा फाडून ओरडली. काय ओरडली ते ऐकून मी उभीच राहिले, गुडघे-बिडघे सगळं विसरून. गोल! नंतर तिने अजून एक करवला. मी शेवटची पाच मिनिटं मागच्या फळीत खेळले, तिथे पळावं कमी लागतं आणि ओरडावं जास्त, दोन्ही मला मानवलं. चार पॉइंटांनी जिंकलो. दोन वर्षांतला आमचा तिसरा विजय. परत येताना गाडीत तिने विचारलं, "सो काकू, हाउ वॉज सिटिंग?" मी म्हटलं, बरं असतं गं, पाय तेवढे भरून येतात. आता यापुढे ती मध्ये आणि मी मागे, असं ठरलं आहे. मीच कोचला सांगितलं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. घडी घालून राजम्याच्या बरणीमागे ठेवीन. तुम्ही गेलात तेव्हा मी पुण्याला होते, परीक्षा आहे म्हणून मिरजेला आले नाही, नाहीतर हे तेव्हाच सांगितलं असतं. कदाचित नसतंही. तालुक्याचा तो शेवटचा सामना. एकच मुलगी मारायची राहिलेली, मी तिच्या मागे खांबापर्यंत एकटी पळाले, ती खाली वाकून निसटली आणि शिट्टी झाली. परतताना तुम्ही विचारलंत, मी रेषेवरून खो दे म्हणून ओरडत होते, ऐकू नाही का आलं? मी म्हटलं, नाही बाई, फार गलका होता. तुम्ही फक्त "बरं" म्हणालात.

गलका होता, बाई. पण मला ऐकू आलं होतं.