अर्बाबच्या टीमचे चार सीझन

पप्पा, तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. काल कामासाठी सोहारहून मस्कतला गेले होते, तेव्हा आपल्या जुन्या भागात, वादी कबीरलाही जाऊन आले. आपल्या हॉलमध्ये हल्ली टायरचं गोडाऊन आहे. शटर अर्धं वर होतं, पण आत जाववलं नाही.

पहिल्या सीझनला मी सातवीत होते. तुम्ही गॅरेजमध्ये फिटर, आणि वसईत असताना फुटबॉल खेळलेले, एवढंच अर्बाबला, म्हणजे गॅरेजच्या ओमानी मालकाला, ठाऊक होतं. त्याने गॅरेजच्या मागे पत्र्याचा हॉल बांधला, आतल्या छोट्या मैदानाभोवती कमरेएवढ्या लाकडी फळ्या ठोकल्या. चेंडू फळीवर आपटून परत यायचा, खेळ थांबायचाच नाही. खेळाडू पगारावर ठेवले आणि तुम्हाला कोच केलं. मम्मी ओट्यापाशी सुरमई कापत होती. म्हणाली, "फिटरला कुठेही काम मिळतं. कोचला उद्या कोण विचारणार?" तुम्ही नुसते हसलात. त्या वर्षी टीम बहुतेक मॅच हरली. तरी दर शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधून तुम्ही सरळ हॉलवर जायचात, आणि तुमच्या मागून मी.

दुसऱ्या सीझनला तुम्ही गोलकीपर आणलात, रत्नागिरीकडचा. मत्र्याच्या बंदरावर मासळीच्या दुकानात काम करायचा, तिथून तुम्ही त्याला उचललात. आपल्याकडे जेवायला आला की मम्मीला म्हणायचा, "आंटी, कोकम कमी पडलं हां." त्याच्या जोरावर कप आला. अर्बाबने सगळ्यांसमोर तुम्हाला मिठी मारली. घरी आल्यावर तुम्ही स्वयंपाकघरात उभ्यानेच जेवलात, तुम्हाला बसवतच नव्हतं. इतके खूश तुम्ही मला पुन्हा कधी दिसला नाहीत.

तिसऱ्या सीझनला तुम्ही अर्बाबला सांगून सांगून थकलात, की गोलजवळच्या फळ्यांना रबर लावू या, कोपऱ्यावर लोखंडी पट्टी उघडी आहे. तो दर वेळी म्हणायचा, "इन्शाल्ला." मग ती मॅच. मी बाकावर बसले आहे. चेंडू फळीवरून उलटा येतो, गोलकीपर झेप घेतो, कोपऱ्यावर आदळतो आणि उठत नाही. तुम्ही त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला आहात आणि तो विचारतोय, "अंकल, लाइट कुणी घालवली?" एक डोळा कायमचा गेला. त्याला गावी पाठवून दिलं. त्यानंतर तुम्ही एकट्याने जुन्या टायरचं रबर कापून सगळ्या फळ्यांवर ठोकलंत. कुणी मदतीला आलं तर परत पाठवत होतात.

चौथ्या सीझनला खेळाडू पांगले. अर्बाबला उंटांच्या शर्यतींचा नाद लागला होता. शेवटच्या मॅचला चौघेच आले, म्हणून गोलमध्ये तुम्ही स्वतः उभे राहिलात, पोट सुटलेलं, गुडघ्याला पट्टा. लोक हसत होते. मॅच संपल्यावर अर्बाब म्हणाला, "खलास." हात मिळवला आणि गाडीत जाऊन बसला.

गॅरेजने तुम्हाला परत घेतलं, पण हेल्पर म्हणून. मम्मीने आपलं ते जुनं वाक्य पुन्हा कधी काढलं नाही, आणि तेच तुम्हाला जास्त लागत होतं. थंडी पडून सीझनची वेळ झाली की शुक्रवारी तुम्ही कपडे करून बसायचात, जायला मात्र कुठे नसायचं. एकदा मी म्हटलं, "पप्पा, चला, समुद्रावर जाऊ." तुम्ही म्हणालात, "मी बोलावलं म्हणून तो पोरगा गोलमध्ये आला होता." पुढच्या थंडीत गॅरेजमध्येच तुमच्या छातीत कळ आली. डॉक्टर रक्तदाबाचं, सिगरेटचं सांगत होते. मी ऐकून घेतलं.

हे पत्र कुठे टाकू? वसईच्या सिमेट्रीत पोस्टमन जात नाही. मागच्या महिन्यात आपल्या गोलकीपरचा फोन आला होता. त्याचा पुतण्या सोहारला कामाला लागलाय, त्याच्याकडून नंबर मिळाला म्हणे. "अंकलना सांग, माझी मुलगी शाळेत जायला लागली. आणि माझा रागबिग काही नाही त्यांच्यावर, कधीच नव्हता. जरा त्यांना फोन दे ना."

मी म्हटलं, "झोपलेत."

त्यानंतर दोनदा त्याचा फोन येऊन गेला, पप्पा. मी उचलला नाही.