शाफ्टवरची क्लिप

ता. ९ मार्च, सोमवार

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. तूही असशील असं धरून चालते, कारण तीन वर्षांत तू काही कळवलेलं नाहीस. तुझा पत्ता स्पेअर पार्टवाल्या काकांनी दिला. तू गोदामात नोकरी करतोस, इंजिनाला हातसुद्धा लावत नाहीस, असंही ते म्हणाले. तेव्हापासून हे पत्र डोक्यात आहे, पण लिहायला बसायचा मुहूर्त आज लागला.

आईचा गुडघा सुधारलाय. जिना चढते आणि वर पोचली की आपली आपणच टाळी वाजवते. बाबांची नजर मात्र अधू झाली. जवळचं दिसत नाही, म्हणून ते आता कानांनी गॅरेज चालवतात. मध्यंतरी एक गाडी फाटकातून आत यायच्या आधीच म्हणाले, "हिचा तिसरा प्लग गेलाय." गेलेला दुसरा होता. मी बदलला आणि तिसराच होता असं सांगितलं.

गुरांचे डॉक्टर पुन्हा आपल्याकडे येऊ लागलेत. हो, तेच. इंजिन जाम झाल्यावर त्यांनी ती गाडी भंगारात घातली आणि तसलीच दुसरी जुनी घेतली! हौसेला मोल नसतं म्हणतात. गेल्या आठवड्यात ती आली, तेलाचा काटा खाली खाली जातो म्हणून. म्हणजे तेलाचा पंप काढणं आलं, आणि वरच्या, प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरपासून पंपापर्यंत जाणारा शाफ्टही. तुला काय सांगायचं, पेन्सिलीएवढा सहा कोनी दांडा, पण तो फिरला नाही तर इंजिनाला तेलाचा थेंब मिळत नाही.

"मी करते," म्हटलं. बाबा स्टूल घेऊन शेजारी बसले.

डिस्ट्रिब्युटरवर खूण करून तो वर काढला. तेल सोडलं, इंजिन जरा उचलून घेतलं, तळाचा तेलाचा चेंबर उतरवला. पंपाचे बोल्ट सुटले तसा पंपाबरोबर शाफ्ट अलगद हातात आला. त्याचे कोन झिजून गोल झाले होते, पंपाची खाचही. काकांकडून दोन्ही नवीन आणले. मग शाफ्टच्या वरच्या बाजूला ती क्लिप बसवायला घेतली. बोटाच्या पेरावर मावेल एवढीशी.

तेव्हा बाबा बोलले, "नीट बघून कर. तुझ्या दादासारखं डोळे मिटून नको."

पुढचं उद्या लिहिते. आई हाक मारतेय.

ता. १० मार्च, मंगळवार

आई हाक मारत नव्हती. हात पुढे चालेना, म्हणून उठले होते. आता सरळच लिहिते.

डॉक्टरांच्या पहिल्या गाडीचा शाफ्ट मी काढून परत बसवला होता, आठवतं? एकटीने केलेलं माझं पहिलं इंजिन. क्लिप लावताना ती पकडीतून उडाली. तासभर शोधली, बाकाखाली झाडून काढलं, मिळाली नाही. दुसरी मागायला गेले असते, तर 'पोरीच्या हातचं काम' म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मीच कोलीत दिलं असतं. शाफ्ट तसाच बसवला. क्लिप नसली तरी गाडी चालते. फक्त पुढे कोणी डिस्ट्रिब्युटर वर ओढला, की शाफ्टही त्याच्याबरोबर वर येतो आणि सुटून खाली पडतो.

महिन्याभराने ठिणगीचं टायमिंग लावायला तू डिस्ट्रिब्युटर ओढलास. वरून काही दिसायची सोयच नव्हती. शाफ्ट चेंबरमध्ये पडला, तेलाचा दाब गेल्याचं सांगणारा त्या गाडीचा दिवा आधीपासूनच बिघडलेला, आणि डॉक्टर वेशीपर्यंत पोचतात तोवर इंजिन जाम.

बाबांनी चेंबर उघडला तेव्हा तू सगळ्यांसमोर मला विचारलंस, "क्लिप लावली होतीस ना?"

मी "हो" म्हणाले.

मग बाबा तुला नाही नाही ते बोलले. तू पाना बाकावर ठेवलास, हात धुतलेस आणि निघून गेलास. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाहीस. तुला तेव्हाच कळलं होतं का?

तर शनिवारी, क्लिप हातात धरून, मी बाबांना म्हटलं, "दादाने डोळे मिटून काम केलं नव्हतं. तेव्हा क्लिप मीच लावली नव्हती."

त्यांची गुडघ्यावर वाजणारी बोटं थांबली.

"तेव्हा का नाही बोललीस?"

"भ्याले."

"मला?"

"तुम्हाला नाही. पुन्हा कोणी इंजिन हातात देणार नाही, या गोष्टीला."

"आणि त्याच्या हातातलं मी काढून घेतलं," बाबा म्हणाले. माझे डोळे भरून आले, तर खेकसले, "रडतेस काय! आधी ती क्लिप बसव. उडाली तर बघ!"

बसवली. शाफ्ट पंपात घालून पंप घट्ट केला. वरून चिमट्याने शाफ्ट ओढून पाहिला, जागचा हलला नाही. तरी आणखी दोनदा ओढला. नवीन पॅकिंग घालून चेंबर लावला, तेल भरलं आणि डिस्ट्रिब्युटर बसवायच्या आधी ड्रिलने शाफ्ट फिरवला. आधी ड्रिल रिकामं गरगरलं, मग एकदम हाताला जड लागलं. "धरलं तेल," बाबा म्हणाले. काटा बघायला गाडीत बसलेले डॉक्टर ओरडले, "काटा चढला!"

किल्ली देण्याआधी डॉक्टरांनाही सांगितलं, तुमची पहिली गाडी मी घालवली. त्यांनी शेजारच्या सीटचं दार उघडलं. मग म्हणाले, "मग चाचणीला तू शेजारी बसायचं. बंद पडली तर दोघं चालत येऊ." लांबच्या गोठ्यापर्यंत जाऊन आलो. काटा हलला नाही. परतताना ते म्हणाले, "तुझ्या भावाशी मी रस्त्यात बोललोसुद्धा नाही. त्याला सांग हे." सांगितलं.

आईला सांगितलं, काकांना सांगितलं. आईने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलंय आणि ते रास्तच आहे.

दादा, परत ये म्हणायला हे पत्र नाही. तो हक्क माझा नाही. पण येत्या रविवारी सकाळच्या बसने बाबा आणि मी तुझ्याकडे येतोय. तुला निरोप लिहू का, असं विचारलं तर बाबा म्हणाले, "काही लिहू नकोस. तोंडाने बोललो होतो, तोंडानेच परत घेईन." दार उघडायचं की नाही, ते तू ठरव. नाही उघडलंस तर संध्याकाळच्या बसपर्यंत पायरीवर बसू, आणि पुढच्या रविवारी पुन्हा येऊ. तुझ्या गोदामातल्या माणसांसमोर सांग म्हणालास, तर तिथेही सांगेन.

माफी मागते. दिलीच पाहिजेस असं नाही.

तुझ्यावर आळ येऊ दिला ती,
तुझी धाकटी बहीण