पुलाजवळचा सांधा

बाबा, आज पुलाजवळचा सांधा सोडवला. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. मागची खोली भाड्यानं द्यायची म्हणून तुमची खेळण्यातली रेल्वे काढायला बसले. खेळणं म्हटलेलं तुम्हाला खपायचं नाही. "मॉडेल म्हन," म्हणायचात.

कापसाच्या जिनिंगमध्ये दिवसभर मशिनी दुरुस्त करून यायचात आणि हातपाय धुतले की थेट रेल्वे मांडलेल्या फळीशी. घरची पटरी बारीक, बुटकी, आणि नागपूरच्या जुन्या बाजारातून आणलेल्या पुलाची उंच. आई म्हणायची, "त्यांची सोयरीक जमत नाही, सोडा ना!" तुम्ही दोन पटऱ्या जोडायची पितळी पत्री घेतली, तिचं एक टोक उंच पटरीला बसवलं, दुसरं ठोकून चपटं केलं आणि त्यावर बारीक पटरी ठेवून सोल्डर केली. "खालून उंच-सखल असू दे. वरून बोट फिरवलं तं कळलं नाही पाहिजे. अन् पटरीच्या माथ्याले कानस लावाची नाही. चाक तिथूनच चालते." गाडी पार गेली तेव्हा तुम्ही चक्क हसला होतात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ड्यूटीवर असताना मी बोट फिरवलं. सांध्यावर किंचित उंचवटा लागला. बावीस वर्षांची घोडी होते, लहान नव्हते. तुमचं काम आणखी चांगलं करायला गेले आणि उंच पटरीच्या माथ्यावर कानस मारून आतली कडच गोल करून ठेवली. संध्याकाळी गाडी पुलाशी आली की घसरायची. तुम्ही चष्मा पुसला, सांधा उकलला, पुन्हा सोल्डर केला. तीनदा. माथ्याला कुणी हात लावेल हे तुमच्या ध्यानीमनी नव्हतं. "शुगर निघाल्यापासून हात थरथरते तुमचा," आई सहज बोलून गेली. तुम्ही दिव्याखाली हात धरून पाहता आहात. मी दारात उभी आहे, कानस ओढणीत लपवून. "हात गेला माहा," तुम्ही म्हणालात. "फिटरचा हात गेला तं काय राह्यलं?" आठवड्याभरात मालकाला सांगून तुम्ही जिनिंगच्या गेटवर वॉचमन म्हणून बसलात. कुकरचं हँडल ढिलं झालं तरी म्हणायचात, "दुकानात ने. माह्याच्यानं होत नाही."

आज टॉर्च मारून पाहिलं. सांध्यात कुठंच खोट नाही. माथ्यावरचे आडवे ओरखडे माझे. तेवढा तुकडा कापून नवा बसवला, गाडी पार गेली. रडू येईल म्हणून दार लावून घेतलं होतं. आलं नाही. काहीच आलं नाही. बाहेरून आईनं विचारलं, "काय करून राह्यली व इतका वेळ?" म्हटलं, काही नाही, झाडून राह्यली.

हा कागद फाडून टाकीन. तुमच्या भीतीनं गप्प बसले असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. भीती दोन दिवसच होती, बाबा. नंतर तुम्ही गेटवरून पाच वाजताच घरी यायला लागलात, चहा घेऊन माझ्याजवळ बसायला लागलात. आधी कधी बसला नव्हतात. मला ते आवडलं होतं.