मागच्या सीटचे वॅट

४ फेब्रुवारी, रविवार

दादा उतरला! टेकडीच्या निम्म्यावर सायकल थांबवायला लावली आणि खाली उतरून उभा राहिला. म्हणे, "टिल्ले, मी मागे नुसती खोगीरभरती. एकटी असतीस तर एव्हाना वर जाऊन परत आली असतीस."

मी म्हटलं, गप बस. बसला नाही. दोन सीटांच्या या सायकलचा घोळच तो – पुढची-मागची पॅडल्स साखळीने जोडलेली. मागच्याने जोर लावला काय, न लावला काय, पाय आपले फिरतच राहतात. त्यामुळे त्याला वाटतं, आपण फुकटे!

घरी आलो. जिन्यात म्हणाला, "माझे पाय किती काम करतात ते मोजून दाखव. भरलं तर येईन. नाहीतर विकून टाक ही सायकल."

मोजून दाखव! वजनमापांच्या खात्यातला माणूस, दुसरं काय बोलणार? जन्मभर दुकानांत शिरून काटा मारणाऱ्यांना पकडत फिरला. नोकरी गेली, डोळे गेले, स्वभाव जागच्या जागी.

५ फेब्रुवारी

डोळे गेल्यावर दोन वर्षं तो खिडकीतल्या खुर्चीत बसून होता. दाढीसुद्धा वहिनीने मागे लागल्यावर. या सायकलने त्याला खाली आणलं. पुन्हा खुर्चीत बसला तर उठायचा नाही. मला भीती वाटते, बस्स.

८ फेब्रुवारी

पॉवर मीटर! पायाचा जोर वॅटमध्ये सांगतो. नवा घेणं आपल्याला झेपणारं नाही, म्हणून जुन्याच्या मागे आहे. कामावर, लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत जाहिराती चाळते. एक पॅडलच्या डाव्या दांड्यात बसवलेला होता, चांगला दिसत होता. सायकलवाल्याला फोटो दाखवला तर तो हसायलाच लागला. "ताई, तुमच्या सायकलला मागच्या डाव्या दांड्यालाच ती जोडसाखळी आहे ना? हा बसणार कुठे?" चाकातला मीटर दोघांची बेरीज सांगतो, म्हणजे तोही बाद.

उरली पॅडल्स. मीटर पॅडलच्याच पोटात. मागच्या बाजूला लावली की फक्त दादाचे पाय!

१० फेब्रुवारी

मिळाली! एका दंतवैद्याची. गुडघे कुरकुरायला लागले म्हणून विकतोय. दादाला घेऊनच गेले. दवाखान्यामागच्या खोलीत सायकल भिंतीला टेकलेली. दादाने दोन्ही पॅडल्स हाताने हलवून बघितली, कानाशी नेऊन फिरवली. "उजव्यात खरखर आहे." दंतवैद्य ओशाळला. म्हणाला, धूळ असेल. आमच्यासमोर पुसून तेल घातलं, खरखर गेली.

डावं पॅडल काही केल्या निघेना. उलट्या आट्याचं असतं हे विसरून गडी घट्टच करत होता! दादा म्हणाला, "डॉक्टर, पेशंटला भूल दिलीय ना?" किती दिवसांनी थट्टा केली त्याने.

११ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर बाल्कनीत तिघं. वहिनी कुंड्या उचलून आत नेताना, "एवढं कौतुक माझ्या कुंड्यांचं कधी झालं नाही!"

पॅडल्स बसली, पण माझा हँडलवरचा छोटा पडदा त्यांना ओळखेना. मी शिव्या घालत होते, तेवढ्यात दादाच्या बोलणाऱ्या फोनमधली बाई म्हणाली, "ढोल्या सापडला." दंतवैद्य काडीसारखा, आणि पॅडलला त्याने दिलेलं नाव ढोल्या! हसून पोट दुखलं. फोनवरूनच दांड्याची लांबी बदलली – जुनी ठेवली असती तर आकडाच चुकला असता. मग पडदाही जुळला. म्हटलं, चला, फोनचं काम संपलं.

दादा म्हणाला, "संपलं कसं? तपासणी?" कपाटातून त्याचं दहा किलोचं शिक्क्याचं वजन आलं. नोकरी सोडताना खात्यातल्या मित्रांनी दिलेलं. दांडा आडवा धरून पॅडलला टांगलं. आकडा भलताच! "आधी रिकामा काटा शून्यावर आणायचा, टिल्ले. भाजीवालीलाही कळतं." शून्य केलं, पुन्हा टांगलं. दहा. दुसऱ्या बाजूला, दहा.

तो उठला, हात पुसले. "माप खरं आहे. याचं मी ऐकेन."

१८ फेब्रुवारी, रविवार

टेकडी. चढावर त्याने मागून विचारलं, "किती?"

पडद्यावर बेचाळीस.

बेचाळीस म्हणजे जवळजवळ पाय नुसते ठेवल्यासारखे. मी म्हणाले, "नव्वद!"

कसं तोंडातून गेलं कोण जाणे. दादा म्हणाला, "असं?" आणि वरपर्यंत आला. उतरला नाही!!

१९ फेब्रुवारी

लॅबमध्ये एका रिपोर्टात दशांश चिन्ह चुकलं म्हणून नव्या मुलीला झापलं. आणि स्वतः? दादाला खोटं माप दिलं. त्याला! कळलं तर सायकल सोडाच, माझ्याशी बोलायचा नाही.

२५ फेब्रुवारी

"किती?" "अठ्ठ्याऐंशी." खरे सेहेचाळीस. म्हटलं, दरवेळी नव्वदच सांगितले तर संशय येईल.

आता एका कानात फोनचं बोंडूक घालून येतो. बातम्या ऐकतो म्हणे. मी ओरडले. "एक कान तुझ्यासाठी मोकळा आहे, कटकटे."

१० मार्च

एकोणसाठ! उतार तर नव्हता? नाही, चढच. मी आपले नेहमीचे नव्वद सांगितले.

वहिनी खूश आहे. दाढी न सांगता. जेवणही वाढलंय, "भाकऱ्या थापून हात दुखायला लागलेत माझे, आणि तुला सांगते, मला ते आवडतंय."

१७ मार्च

एकसष्ट.

२४ मार्च

पॅडलच बिघडलं असणार, जुनंच ते. तो आंघोळीला गेला तेव्हा मीच वजन टांगून बघितलं. दहा. दुसऱ्या बाजूला, दहा. मग सत्तर कुठून आले?

२ एप्रिल

वहिनीचा फोन. "अगं, हे दुपारभर जिना चढतात-उतरतात. कठडा धरून. शेजारच्या आजींना वाटलं, कुणाची तरी वाट चुकली. मी विचारलं तर म्हणतात, टिल्लीला सांगू नकोस."

म्हणून मी विचारलं नाही. फोन ठेवून लॅबच्या जिन्यात जाऊन रडून घेतलं. बरं वाटलं.

१४ एप्रिल

ऐंशीच्या पुढे. सायकल मागून ढकलल्यासारखी जाते, मलाच गिअर बदलावा लागला. माझा बिचारा खोटा आकडा आणि त्याचा खरा, दोघं अगदी शेजारी आलेत. पण आधीच्या सगळ्या रविवारांचं काय? सांगून टाकू? आज तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तो मागे शीळ घालायला लागला. नाही जमलं.

२१ एप्रिल, रविवार

"किती?"

पडद्यावर पंच्याण्णव. दोनदा बघितलं. "पंच्याण्णव!" माझा आवाज फाटला.

"बरोबर," दादा म्हणाला. "आज काटा मारला नाहीस."

वर पोचून थांबलो. माझ्याच्याने मागे वळवेना. त्याने चाचपडत माझा कान शोधला आणि त्याच्या कानातलं बोंडूक त्यात घातलं. बातम्या नव्हत्याच. ती फोनमधली बाई होती – "ढोल्या. शून्य वॅट."

"पहिल्या रविवारी घरी गेल्यावर फोनने आकडा वाचून दाखवला. बेचाळीस होते, टिल्ले," तो म्हणाला. "तू नव्वद सांगितलेस. म्हटलं, कमी पडलेलं माप भरून द्यायला हवं."