राहूड घाटाचं वळण आणि मागचे पाटे

६ फेब्रुवारी १९८३, रविवार. संध्याकाळी ७
सुलाच्या माहेराहून, उमराण्याहून, परत येताना राहूड घाटात एका वळणावर गाडीचं मागचं अंग घसरून सुटलं. गाडी गर्रकन फिरून पुन्हा उमराण्याकडे तोंड करून उभी राहिली. कोणाला खरचटलंही नाही. सुला उतरली. म्हणाली, गाडीचं तोंड तिकडेच झालंय, तर मी आईकडेच जाते. समोरून आलेल्या एसटीला हात केला आणि गेली.
निदान: मागचं सस्पेन्शन मऊ. शाळेत ड्रॉइंग शिकवत असलो तरी मेकॅनिक्स मला कळतं. आठ दिवसांत दुरुस्ती. पुढच्या रविवारी सुला घरी.

८ फेब्रुवारी
इथल्या द्वारका चौकात नियाज मिस्त्रीकडे. डिझाइन कागदावर काढून नेलं होतं: मागे दोन्ही बाजूंना स्प्रिंगचा एकेक पाटा जादा. नियाजने कागद बघितला. म्हणाला, मास्तर, मागून कडक केली तर वळणावर आणखी सुटेल. वळणाच्या आधी स्पीड कमी करा ना. अनुभवी माणूस, पण थिअरी नाही. पाटे घालून घेतले.

१३ फेब्रुवारी, रविवार
त्र्यंबक रोडवर ट्रायल. दोनदा सुटली. दुसऱ्यांदा थेट द्राक्षबागेच्या तारेपर्यंत. कारण: मागे वजन नाही. डिकीत वाळूची दोन पोती टाकली. उमराण्याला जाणं एक आठवडा पुढे. पाठ दुखते, पण त्याचा पाट्यांशी संबंध नसावा.

१६ फेब्रुवारी
सुलाचं पोस्टकार्ड. 'तुम्ही एसटीने या. आल्यावर बोलू.' बिचारीला माझ्या दगदगीची काळजी. उत्तर टाकलं: काम नव्वद टक्के झालं, धीर धर.

१९ फेब्रुवारी
वाळूने शेपूट जास्तच फिरतं. पोती काढली. पाट्यांशी ठोकळे बसवून गाडी मागून खाली घेतली. आता टायर मडगार्डला घासतो. जळका वास. उद्याचं जाणं पुन्हा पुढे. नियाज हल्ली नुसता चहा मागवतो.

२१ फेब्रुवारी
मेहुणा मंगळू पिंपळगावला कांदा घेऊन आला होता, तिथून शाळेत येऊन गेला. म्हणाला, दाजी, ताईला आमच्या गावच्या बालवाडीवर घेतलंय, लय खूश हाये. ताई गाडीचं काही विचारते का, असं विचारलं. म्हणाला, गाडीचं नाय, तुमचं इचारती. जेवतात का म्हणून.
आज खिचडी करपली. तशीच खाल्ली.

२४ फेब्रुवारी
अर्ध्या दिवसाची रजा. पाटे काढले. दुपारी पुन्हा घातले. कडक हवं की मऊ, मलाच कळेनासं झालंय. शेवटी नियाजला विचारलं, तुझ्या मते मी काय करू? म्हणाला, भाभींना आणायला जा.
रविवारी जाणारच. गाडी जशी असेल तशी.

२७ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी
उमराण्याला सासूबाई नवसाबाईंनी चहा दिला. सुला म्हणाली, येते, पण वळण आलं की मी उतरणार. मी कबूल झालो. काय करणार?
राहूड घाटात प्रत्येक वळणाला ती उतरली आणि पदर खोचून पुढे चालत राहिली. मी फर्स्ट गिअरमध्ये मागे. एका ट्रकवाल्याने थांबून तिला विचारलं, बाई, काय झालं, हा माणूस त्रास देतोय का? ती नाही म्हणाली. पण जरा विचार करून.
गाडी एकदाही सुटली नाही. नोंद: सस्पेन्शन यशस्वी. सुला घरी. घरात कांद्याच्या फोडणीचा वास.

२८ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७
सुला शाळेचा दाखला न्यायला आली होती. बालवाडीसाठी लागतो. काल विचारलं असतं तर काल कळलं असतं. दाखला आणि चार साड्या पिशवीत भरल्या.
उमराण्यापर्यंत सोडतो म्हणालो. नको म्हणाली.
स्टँडपर्यंत पिशवी घेऊन चालत गेलो. तिथे सांगून टाकलं. त्या दिवशी गाडी साठच्या स्पीडला होती. तू दोनदा 'हळू' म्हणालीस, मी ऐकलं होतं. म्हणाली, मला माहीत आहे.
रविवारी एसटीने आलो तर चालेल का, विचारलं.
तिने पिशवी माझ्या हातातून घेतली. बसच्या पायरीवर चढून म्हणाली, पहिल्या एसटीने या, नंतरच्या एसट्यांत बसायला जागा मिळत नाही.